लेस घरची आहे, मजुरीचं काय?

रुखवताच्या मोसमात दुकानात येणाऱ्या बऱ्याच बायका पिशवी टेबलावर ठेवतानाच सांगून टाकतात, "लेस घरचीच आहे, तुम्ही फक्त फुलं करून द्या." पाठोपाठ भावाची अपेक्षाही येते. सामान त्यांचं, म्हणजे बिल किरकोळच होणार. या हिशेबात सुई-दोरा घेऊन डोळे ताणत बसणाऱ्या बाईचा वेळ कुठेच धरलेला नसतो. जुन्या लेसची, काठाची, झालरीची फुलं करणं हे शिवणकाम आहे आणि त्याला शिवणकामाचाच भाव मिळाला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. ते पटायचं तर आधी हे काम असतं कसं ते सांगावं लागेल, कारण ते होताना फारसं कुणी पाहिलेलं नसतं.

साताऱ्यात खण आळीजवळ माझं दुकान आहे. ब्लाउज, परकर, फॉल-पिको, सणासुदीला लहान मुलींची परकर-पोलकी हा मूळ धंदा. फुलांचं काम त्याला नंतर जोडलं गेलं. कुणाला रुखवतातल्या टोपलीवर लावायला हवी असतात, कुणाला डोहाळजेवणाच्या दागिन्यांसाठी, कुणाला गौरींच्या मागच्या पडद्यासाठी, कुणाला दाराच्या तोरणासाठी. हल्ली पर्सवर आणि ब्लाउजच्या पाठीवरच्या लटकनातही ही फुलं मागतात.

पिशवीत काय काय निघतं! आजीच्या पांढऱ्या परकराची क्रोशाची लेस, बाळाच्या कुंचीची झालर, हकोबाच्या पोलक्याचा कापून ठेवलेला काठ, ओढणीची गोटापट्टी, पंजाबी ड्रेसच्या बाहीवरची जीपीओ लेस, जॉर्जेटच्या साडीची चमकी निघून गेलेली किनार, टीव्हीवर घालायच्या कव्हराचा एक कोपरा, आणि क्वचित एखाद्या जुन्या पैठणीचा किंवा शालूचा काठ. सगळं एकात एक गुंतलेलं, बहुतेक वेळा डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारं. हे ढिगानं एकत्र धुता येत नाही आणि एका रीतीनं कापताही येत नाही. प्रत्येक तुकडा हातात घेऊन तो कशाचा आहे हे ओळखणं, हे या कामाचं पहिलं कसब. ते यायला वर्षं जातात.

क्रोशाची लेस उलटी करून पाहिली की फासात फास अडकवत गेलेली दिसते. शेवटचा टाका सापडला तर ती ओढून उसवता येते. टॅटिंगची लेस उसवत नाही. ती छोट्या शटलनं गाठीवर गाठ मारत केलेली असते, आणि तिच्या कडेला बारीक बारीक कान असतात. यंत्राच्या लेसला मागून पाहिलं की दोरे एका नक्षीतून दुसऱ्या नक्षीत उडी मारून गेलेले दिसतात, आणि ठरावीक अंतरानं तीच चूक पुन्हा पुन्हा येते. हाताच्या कामात चूक येते, पण तिथल्या तिथे परत येत नाही. एखादी पाकळी जरा मोठी, एखादा फास ढिला. ज्या बाईनं ते विणलं तिचा हात कुठे थांबला, कुठे घाई झाली, हे त्यात वाचता येतं.

कापड सुती की पॉलिस्टर, हे बोटांना कळतं. पण खात्री हवी असेल तर कडेचा एक धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून जाळायचा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राखाडी राख पडते. रेशमाला जळलेल्या केसांचा वास येतो. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि त्याचा काळा टणक मणी होतो. हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण पॉलिस्टरच्या पाकळीची कड मेणबत्तीच्या आचेवर बंद करता येते आणि सुती पाकळीची कड दुमडून किंवा काजे टाका घालूनच सांभाळावी लागते.

जरीचं तर वेगळंच. खऱ्या जरीत आत रेशमाचा दोरा, त्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली आणि वर सोन्याचं पाणी असतं. काठाच्या कडेचा धागा हळूच उकलला आणि आतला दोरा लालसर निघाला की मी कातरी बाजूला ठेवते. तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा दिलेली जर असते, आणि आता सर्रास मिळते ती चकचकीत प्लास्टिकच्या पट्टीची. जुनी जर विकत घेणारे लोक गावोगाव फिरतात. ते काठ जाळून त्यातली चांदी काढतात. कुणी बाई तसा काठ फुलांसाठी घेऊन आली तर मी तिला सांगते, याची फुलं करू नका. हा काठ नव्या कापडाला लावून साडी करा, नाहीतर तसाच मलमलीत गुंडाळून ठेवा. माझं एक गिऱ्हाईक कमी होतं, होऊ दे.

इथे मला थोडं थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण या विषयावर मी फार भांडते. समाजमाध्यमांवर हल्ली जुन्या विणकामाला सरसकट कातरी लावून फुलं, बुकमार्क, कानातली करायची टूम निघाली आहे. दिसायला छान दिसतं. पण ज्याला कातरी लावली ते काय होतं, हे कुणी सांगत नाही. मागच्या वर्षी एक बाई सासूबाईंनी विणलेला क्रोशाचा टेबलक्लॉथ घेऊन आल्या. सासूबाई नुकत्याच गेलेल्या. नातीचं लग्न ठरलेलं, आणि रुखवतात आजीची आठवण म्हणून त्या टेबलक्लॉथची फुलं करून हवी होती. मी तो टेबलावर पसरला. मधे मोठं चक्र, भोवती अननसाची नक्षी, बाहेर जाळीच्या तीन ओळी आणि टोकाला कमानी. बारीक दोरा, घट्ट हात. एका कोपऱ्यात उंदरानं कुरतडलेलं आणि लोखंडी ट्रंकेच्या गंजाचे डाग.

मी म्हटलं, "काकू, हा मी कापणार नाही."

त्या जरा दुखावल्या. "घरात टेबल आहे कुठे आता ताई? कपाटात पडून राहणार."

"कुरतडलेला कोपरा तेवढा मला द्या. त्याची फुलं करते. बाकीचा मी नीट करून देते, तो रुखवताच्या टेबलावरच घाला."

गंजाच्या डागांवर लिंबाचा रस आणि मीठ चोळून तो उन्हात ठेवला, पुन्हा पुन्हा पाण्यातून काढला. मग रिठ्याच्या कोमट पाण्यात धुतला, न पिळता पंचात गुंडाळून पाणी काढलं आणि साबुदाण्याची पातळ खळ देऊन उशीवर टाचण्यांनी ताणून वाळवला. खराब कोपऱ्याच्या कमानी सोडवून तीन फुलं झाली. जिथे कापलं तिथले फास सुटू नयेत म्हणून कडेनं नवीन दोऱ्यानं एक ओळ विणून घेतली. लग्नात तो पांढरा टेबलक्लॉथ आणि त्यावरच्या टोपलीत ती तीन फुलं, असं मांडलं होतं म्हणे. नातीनं टेबलक्लॉथ सोबत नेला.

माझा नियम त्यामुळे साधा आहे. यंत्राची लेस खुशाल कापा. हाताची लेस जिथे फाटली, विरली, कुरतडली गेली आहे तेवढीच कापा. धड असेल तर धड ठेवा.

आता प्रत्यक्ष फूल. सगळ्यात साधं, गुंडाळीचं फूल घेऊ. दोन बोटं रुंद आणि हातभर लांब सुती लेस, एक कड सरळ आणि एक कड नक्षीची. आधी धुऊन, हलकी खळ देऊन, उलट्या बाजूनं इस्त्री. खळ जास्त झाली तर पाकळी कागदासारखी ताठ उभी राहते आणि मोडते. कमी झाली तर फूल लोळतं. हे प्रमाण पुस्तकात लिहिता येत नाही, पावसाळ्यात वेगळं आणि उन्हाळ्यात वेगळं लागतं. दोरा दुहेरी घ्यायचा आणि मेणाच्या तुकड्यावरून ओढायचा, म्हणजे चुण्या ओढताना तो तुटत नाही. सरळ कडेपासून अगदी थोडं आत धावदोरा घालायचा. टाके सारखे हवेत. मोठे पडले तर चुण्या जाड येतात आणि फुलाचा खालचा भाग गड्ड्यासारखा होतो. मग दोरा हळूहळू ओढून लेस मूळ लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर आणायची.

सुरुवातीचं टोक आत दुमडायचं, म्हणजे धागे बाहेर येत नाहीत. पहिले दोन वेढे घट्ट, ती कळी. पुढचे वेढे सैल सोडत जायचं आणि प्रत्येक वेढा खालच्या बाजूनं आधीच्या सगळ्या थरांतून शिवून घ्यायचा. चौथ्या-पाचव्या वेढ्याला सुई आत जायला नको म्हणते. तिथे अंगुस्तान घालावंच लागतं, नाहीतर सुईचं मागचं टोक बोटात घुसतं. शेवटचं टोक तिरकं खाली उतरवून लपवायचं. मागे जुन्या जीन्सचा गोल तुकडा लावून कडेनं काजे टाका, मग त्यावर सेफ्टी पिन किंवा क्लिप शिवायची. मधे शर्टाचं मोत्याचं बटण, एखादा जुना मणी, किंवा तसंच. पानं हवी असतील तर हिरव्या खणाच्या चिंधीची. खणाच्या कापडाला मुळातच एक ताठपणा असतो, त्यामुळे पान छान उभं राहतं.

हे सगळं ग्लू गननं पटकन चिकटवता येतं, आणि बाजारात मिळणारी बरीचशी फुलं तशीच असतात. मला ते पटत नाही. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेलं फूल काढून पाहा, डिंक मऊ पडून पाकळ्या सरकलेल्या असतात. पांढऱ्या लेसवर तो काही वर्षांत पिवळा पडतो. चिकटवलेलं फूल नीट धुता येत नाही आणि सोडवायला गेलं तर लेस फाटते. शिवलेलं फूल मात्र दोरा कापला की पुन्हा हातभर लेस होऊन परत मिळतं. आजीच्या लेसला आपण एवढी मुभा तरी ठेवावी, असं मला वाटतं.

हिशेब करू. छाननी, धुणं, खळ आणि इस्त्री ढिगानं केली तरी एका फुलाच्या वाट्याला दहा मिनिटं येतात. धावदोरा आणि चुण्यांना दहा, गुंडाळून शिवायला वीस, मागचा गोल आणि पिन लावायला दहा. सरळ-सरळ पन्नास मिनिटांचं काम. माझ्याकडे अस्तराच्या ब्लाउजला साधारण तीन तास लागतात आणि त्याची शिलाई मी ४०० रुपये घेते. कुणी कुरकुर करत नाही. म्हणजे माझ्या एका तासाला गिऱ्हाइकानं स्वतःच सव्वाशेच्या वर भाव मान्य केला आहे. त्याच दुकानात, त्याच खुर्चीवर, त्याच हातांनी केलेल्या फुलाला शंभर रुपये सांगितले की तेच गिऱ्हाईक म्हणतं, "एवढ्याशा फुलाला?" प्रदर्शनात बचत गटाच्या टेबलावर अशी फुलं तीस-चाळीस रुपयांना लावलेली मी पाहते तेव्हा पोटात तुटतं. त्या तीस रुपयांत दोरा, पिन आणि टेबलाचं भाडं वजा केलं तर बाईच्या हातात काय राहतं?

असं का होतं? माझ्या मते, जुनं सामान फुकट म्हणून त्यावर झालेलं कामही फुकट धरलं जातं. आणि काम घरात होतं, दुपारी भांडी आवरल्यावर होतं, टीव्ही बघता बघता होतं. त्यामुळे ते काम वाटतच नाही. घरच्यांनाच वाटत नाही, मग गिऱ्हाइकाला काय वाटणार! बोहारणीकडे साडी देताना आपण एका पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस करतो, कारण साडीला किंमत आहे हे आपल्याला पक्कं माहीत असतं. दुपारला किंमत आहे हे मात्र माहीत नसतं.

लेसच्या बाबतीत हे आजचं नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी आंध्रात जिथे समुद्राला मिळते, त्या भागात नरसापूर आहे. तिथे आणि आसपासच्या गावांत बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणतात. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी हे विणकाम शिकवलं आणि पुढे त्याची परदेशी निर्यात सुरू झाली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथे राहून अभ्यास केला आणि १९८२ साली नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिलं. त्यांना तिथे दिसलं ते असं : माल जगभर जातो, व्यापारी आणि निर्यातदार पुरुष श्रीमंत होतात, पण विणणाऱ्या बाईला कुणी कामगार म्हणत नाही. ती गृहिणी, रिकाम्या वेळात विणते, असंच सगळे धरून चालतात. तो रिकामा वेळ दिवसाचे कित्येक तास भरत असे, घरकाम वेगळंच. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशाच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण मानांकन गावाच्या नावाला मिळतं. दर फुलामागे, दर वितीमागे विणणारीच्या हातात किती पडतं, हा प्रश्न त्यानं आपोआप सुटत नाही.

आयर्लंडमध्ये १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात कित्येक कुटुंबं क्रोशाच्या लेसवर जगली. त्या लेसमध्ये गुलाब आणि पानं आधी सुटी विणत आणि मग जाळीनं जोडत. घरटी एकेका बाईकडे एकेक नक्षी. तेव्हाच्या बड्या घरांतल्या बायकांनी ती मिरवली. भुकेतून आलेलं काम होतं ते. लेसचं फूल म्हणजे श्रीमंतीचा नखरा, असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं.

आणि चिंध्यांचं काम कामच असतं हे आपल्या देशात एकदा भांडून सिद्ध झालेलं आहे. अहमदाबादेत गिरण्यांच्या चिंध्या जोडून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या बायका होत्या. व्यापारी चिंध्या देणार, बायका घरी शिवणार, नगामागे चिल्लर मिळणार. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये उभ्या केलेल्या 'सेवा' संघटनेनं या बायकांना एकत्र आणलं, मजुरीसाठी लढा दिला, पुढे त्यांची सहकारी संस्थाही उभी राहिली. फुलं करणाऱ्या बायका आणि खोळी शिवणाऱ्या बायका यांच्यात मला काही फरक दिसत नाही. घरी बसून मजुरीनं काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ साली करारही केला आहे. इतर मजुरांना मिळणारी वागणूक यांनाही मिळावी, असं त्यात म्हटलं आहे. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. ती द्यावी.

आता प्लास्टिकबद्दल बोलायलाच हवं, कारण माझ्या फुलांची स्पर्धा त्याच्याशी आहे. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलवर निर्बंध आले. थर्माकोलचे मखर गेले. प्लास्टिकच्या फुलांच्या माळा मात्र दर गणपतीला बाजारात लोंबकळत असतात, आणि शेवंती-झेंडू पिकवणारे शेतकरी त्यावर बंदी मागत आहेत. मी त्यांच्या बाजूची आहे. देवाला ताजं फूलच वाहावं. कापडाचं फूल त्याच्या जागी ठेवू नये. ते पडद्यावर, तोरणावर, टोपलीवर, अंगावरच्या दागिन्यात, म्हणजे जे वर्षानुवर्षं पेटीतून काढायचं आणि परत ठेवायचं, तिथे.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. पुण्याला रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन नवी चकचकीत लेस गुंडाळ्याच्या गुंडाळ्या आणायची आणि त्याची फुलं करून ती पर्यावरणपूरक म्हणून विकायची, हे चुकीचं आहे. सुरतेहून येणारी ती बहुतेक लेस पॉलिस्टरची. पॉलिस्टर म्हणजे प्लास्टिकच. ती पुरली तर कुजत नाही आणि जाळली तर वितळते. घरात आधीच असलेली, साडीवरून उतरवलेली पॉलिस्टरची लेस वापरणं यात अर्थ आहे. ती आणखी दहा वर्षं वापरात राहते, नवी घ्यावी लागत नाही. त्यासाठी नवीन विकत घेण्यात अर्थ नाही. माझ्याकडे कुणी नव्या लेसची फुलं मागितली तर मी करून देते, धंदा आहे, पण त्यावर जुन्याचं लेबल लावत नाही.

डोहाळजेवणाचं बघा. पूर्वी मोगरा-अबोलीचे दागिने व्हायचे, ओटी भरेपर्यंत मलूल. आता दुकानांतून प्लास्टिक आणि फोमच्या फुलांचे सेट भाड्यानं मिळतात. गेल्या उन्हाळ्यात एका मुलीसाठी मी तिच्या आईच्या पोलक्यांच्या हकोबाचा सेट केला. बिंदी, बाजूबंद, कंबरपट्टा. हकोबाची भोकं आधीच दोऱ्यानं बांधलेली असतात, त्यामुळे ती कापली तरी लवकर उसवत नाही; एकेक डोळा धरून गोल कापला की आयतीच पाकळी मिळते. अंगाला टोचत नाही, घामानं रंग जात नाही. तो सेट आता तिच्या जावेकडे गेला आहे आणि तिथून नणंदेकडे जाणार आहे. त्याचे मी पूर्ण पैसे घेतले, आणि मुलीच्या आईनं ते न मागता दिले, कारण त्या माझ्या शेजारी बसून एक पाकळी करून पाहून गेल्या होत्या. करून पाहिलं की घासाघीस थांबते, हे मी बऱ्याच वेळा पाहिलं आहे.

सरकारकडूनही माझं मागणं आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात शिंपी आहेत आणि फुलांच्या माळा करणारे मालाकारही आहेत. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, पुढे सवलतीचं कर्ज. कापडाची फुलं करणारी बाई या दोन्हींच्या मधे पडते. शिंपी म्हणून गेली तर तिच्याकडे मशीन नाही, सुई आणि दोरा आहे. मालाकार म्हणून गेली तर तिची फुलं खरी नाहीत. त्यातून ही योजना कुटुंबातल्या एकालाच मिळते, आणि घरातला पुरुष कुठल्या ना कुठल्या व्यवसायात आधीच नोंदलेला असला तर तिचा नंबर लागतच नाही. शिंप्यांच्या प्रशिक्षणात हातशिलाईचं हे काम स्वतंत्र भाग म्हणून घालावं, आणि नोंदणी व्यक्तीची असावी, घराची नको.

'उमेद' अभियानाच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांतून हजारो बायकांना गिऱ्हाईक मिळतं, ही फार मोठी सोय आहे. तिथे आणखी एक करता येईल. हातानं केलेल्या प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर किमतीच्या शेजारी लागलेला वेळ लिहावा. 'पन्नास मिनिटं' असं लिहिलेल्या फुलाला तीस रुपये देताना घेणाऱ्याचा हात जरा तरी अडखळेल. बचत गटातल्या बायकांनाही मी हेच सांगते: आधी घड्याळ लावून एक फूल करा, मग भाव ठरवा. शेजारच्या टेबलापेक्षा दोन रुपये कमी लावून विकायची सवय आपणच आपल्याला लावली आहे. एकीनं कमी केलं की सगळ्यांना कमी करावं लागतं. साताऱ्यातल्या आम्ही काही जणींनी बसून किमान भाव ठरवला आहे आणि त्याच्या खाली कुणी जात नाही. सुरुवातीला काम कमी झालं. नंतर परत आलं, सगळं नाही, पण आलं.

माझ्या दुकानात आता भिंतीवर हातानं लिहिलेला कागद आहे. गुंडाळीचं फूल शंभर रुपये, कळी आणि पानांसह दीडशे. धुणं, डाग काढणं आणि खळ वेगळी. हाताची धड लेस कापून मिळणार नाही, खऱ्या जरीचा काठ कापून मिळणार नाही. उरलेला प्रत्येक तुकडा परत मिळेल. रुखवताचं काम लग्नाआधी किमान महिनाभर आणून द्यावं.